व्हिसाची लागण आडसालीच करावी



गेल्या काही वर्षांत आपल्या कारखान्याच्या हिशेब खात्याच्या खिडकीवर एक नवीनच मागणी येऊ लागली आहे. पूर्वी सभासद यायचा तो तोडीची चौकशी करायला, नाहीतर सवलतीच्या साखरेचे कार्ड घेऊन. आता तो टोपी सारखी करत विचारतो, "साहेब, तीन हंगामांच्या ऊस बिलाचा दाखला इंग्रजीत मिळंल का? पोरीच्या व्हिसाला पायजे म्हणत्यात."

हे ऐकून आम्हाला आनंद होतो. ज्यांच्या आजोबांनी अंगठा उठवून शेअर घेतला, त्यांची नातवंडे आज लंडन, टोरांटो, म्युनिक अशी नावे घेत आहेत. पण या आनंदाला एक काळजीची किनार आहे. पोर हुशार आहे, प्रवेश मिळाला आहे, फीचा पहिला हप्ताही गेला आहे आणि व्हिसा मात्र नाकारला, अशी प्रकरणे आपल्या कार्यक्षेत्रात घडू लागली आहेत. चौकशी केली तर बहुतेक वेळा दोष पोराच्या अभ्यासात नसतो, घरच्या कागदात असतो. म्हणून या अंकात पीक-पाण्याचा विषय थोडा बाजूला ठेवून या कागदांविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही ठरवले.

पन्नास हजारांची गोष्ट

आधी एक घडलेली हकीकत सांगतो. सभासदाने ती सांगायला परवानगी दिली आहे, नाव छापू नका एवढेच म्हणाले.

त्यांच्या मुलीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेश मिळाला. उसाची नोंद आजोबांच्या नावावर, बिल आजोबांच्या खात्यावर. इंग्लंडचा नियम असा की पैसा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या खात्यावर पाहिजे. आजोबा, चुलते, मामा चालत नाहीत. हे कळल्यावर रक्कम वडिलांच्या खात्यावर वळवली. इथवर सगळे ठीक झाले. पण दुसरा नियम त्यांना कुणी नीट सांगितला नाही. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यावर राहिली पाहिजे आणि त्या २८ दिवसांत एक दिवससुद्धा ठरलेल्या आकड्याच्या खाली येता कामा नये. एकविसाव्या दिवशी ठिबकच्या दुकानदाराचा तगादा आला म्हणून त्यांनी पन्नास हजार काढले आणि चार दिवसांनी परत भरले. आपल्या हिशेबाने काय बिघडले? पैसे होते तेवढे झाले. त्यांच्या हिशेबाने मात्र २८ दिवसांची साखळी तुटली. अर्ज नामंजूर झाला, सप्टेंबरचे वर्ग हुकले, अर्जाची फी बुडाली. पोरगी पुढच्या जानेवारीच्या तुकडीत गेली, पण मधले चार महिने त्या घराने कसे काढले ते त्यांनाच ठाऊक.

"ठिबकवाल्याला महिनाभर थांब म्हणालो असतो, तर तो काय मला खाणार होता?" हे त्यांचे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले आहे.

व्हिसा म्हणजे नेमके काय?

पासपोर्ट आपले सरकार देते. माणूस कोण, कुठला, हे तो सांगतो. व्हिसा समोरचे सरकार देते. आपल्या देशात यायला आमची हरकत नाही, आणि येण्याचे कारण अमुक, असे तो सांगतो. विद्यापीठाने प्रवेश दिला म्हणजे व्हिसा मिळालाच असे नाही. कारखान्याने उसाची नोंद घेतली म्हणजे ऊस काट्यावर आला असे होत नाही, तसेच हे. शिवाय व्हिसा असला तरी विमानतळावरचा अधिकारी कागद पुन्हा पाहू शकतो.

अर्ज वाचणारा अधिकारी ढोबळमानाने तीन गोष्टी शोधत असतो. पोर खरोखर शिकायला चालले आहे काय? शिकण्याचा आणि राहण्याचा खर्च भागवायची ऐपत घरात आहे काय? आणि दिलेला प्रत्येक कागद खरा आहे काय? बाकी सगळे फॉर्म या तीन प्रश्नांचीच पोटकलमे आहेत.

देश तशी रीत

इंग्लंड. विद्यापीठ 'कॅस' नावाचा क्रमांक देते. त्यावर अर्ज होतो. ७० गुणांची पद्धत आहे: ५० गुण प्रवेशाचे, १० पैशाचे, १० इंग्रजीचे. ११ नोव्हेंबर २०२५ पासून राहण्याच्या खर्चापोटी लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड दाखवावे लागतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पौंड, आणि पहिल्या वर्षाची जी फी भरायची राहिली असेल ती वेगळी. २८ दिवसांचा हिशेब ज्या दिवशी संपतो, तो दिवस अर्जाच्या तारखेमागे ३१ दिवसांच्या आतला असावा लागतो. क्षयरोग नसल्याचा दाखला ठरवून दिलेल्या दवाखान्यातूनच घ्यावा लागतो. दवाखान्याच्या सोयीपोटी वर्षाला ७७६ पौंडांचा अधिभार अर्जासोबतच जातो.

अमेरिका. विद्यापीठ आय-२० नावाचा फॉर्म पाठवते. त्यावर एका वर्षाचा सगळा खर्च छापलेला असतो. तेवढी सोय असल्याचे दाखवायचे. सेविस नोंदणीचे ३५० डॉलर, व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर, डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म आणि मग समोरासमोर मुलाखत. अमेरिकेचा कायदा असे गृहीतच धरतो की अर्जदार कायमचा राहायला येतो आहे. तसे नाही हे पटवण्याची जबाबदारी पोरावर. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खातीही तपासणीसाठी खुली ठेवायला सांगितले जाते. म्हणून पोरांना आत्तापासूनच बजावून ठेवा, मोबाईलवर काय लिहितो याचे भान ठेव.

कॅनडा. १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या फीशिवाय २२,८९५ कॅनडियन डॉलर दाखवायचे आहेत. २०२४ पासून बहुतेकांना तिथल्या प्रांताचे संमतिपत्र लागते. सरकारी संस्थांतल्या मास्टर्स आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना २०२६ पासून त्यातून सूट आहे. झटपट अर्जाची जी जुनी योजना होती ती ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. कुणी अजून तिच्या नावाने पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

ऑस्ट्रेलिया. मार्च २०२४ पासून 'खरा विद्यार्थी' ही कसोटी आहे. हाच अभ्यासक्रम का, इथेच का, पुढे काय करणार, याची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहायची. वर्षाच्या राहणीखर्चाचा आकडा मे २०२४ पासून २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. अर्जाची फीच जुलै २०२५ पासून २,००० डॉलर झाली. नाकारला तरी ती परत मिळत नाही.

जर्मनी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही किंवा नाममात्र आहे. बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यात मात्र बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात. पण राहण्याचा खर्च आधी दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात भरायचे, आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. आपल्याकडे ठेवीवर बोजा चढवतात तसाच हा प्रकार समजा. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस या कार्यालयाकडून आपली प्रमाणपत्रे तपासून घ्यावी लागतात. या तपासणीलाच वेळ जातो, तो आधी धरावा.

हे आकडे दरवर्षी हलतात. अर्जाच्या दिवशी त्या त्या सरकारच्या अधिकृत ठिकाणी पुन्हा पाहूनच पुढे जावे. शेजारच्या पोराने दोन वर्षांपूर्वी काय भरले ते प्रमाण मानू नये.

उसाच्या भाषेत हिशेब

आकडा परक्या नाण्यात असला की अंगाला लागत नाही. म्हणून आपल्या भाषेत मांडून पाहू. इंग्लंडचे १०,५३९ पौंड काय किंवा जर्मनीचे ११,९०४ युरो काय, बारा लाख रुपयांच्या आसपास किंवा थोडे वर जातात. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला तीन हजार रुपये हातात पडतात असे धरले, तर बारा लाख म्हणजे चारशे टन ऊस. एकरी चाळीस टनाने दहा एकरांचे पीक. त्यातून खत, पाणी, मजुरी अजून गेलेली नाही, आणि इंग्लंडसारख्या ठिकाणची फी तर या हिशेबात नाहीच.

हे कुणाला नाउमेद करायला सांगत नाही. तीन-चार एकरांच्या सभासदाने बिलाच्या भरवशावर उडी घेऊ नये, आधी कर्ज आणि शिष्यवृत्ती यांची वाट पाहावी, एवढेच म्हणणे आहे.

सातबारा, बँकबुक आणि आपली अडचण

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नोकरदाराकडे पगारपत्रक असते आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र असते. आपल्या शेतीउत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे पुष्कळ सभासदांकडे विवरणपत्रच नाही. मग परक्या देशातल्या अधिकाऱ्याला आपली ऐपत कळावी कशी?

पहिली गोष्ट. सातबारा हा पैसा नव्हे. इंग्लंडच्या नियमात जमीन, घर, शेअर, सोने यांची किंमत शिलकीत धरत नाहीत. लगेच काढता येईल अशी खात्यावरची रक्कमच पाहतात. मात्र सातबारा आणि आठ-अ वाया जात नाहीत. घरचे उत्पन्न कुठून येते आणि पोराचे मूळ गावात किती घट्ट आहे हे त्यातून दिसते. अमेरिकेसारख्या ठिकाणी त्याचा आधार होतो. डिजिटल सहीचा उतारा काढा आणि त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्या.

दुसरी गोष्ट. पैसा येण्याची वाट दिसली पाहिजे. खात्यावर वर्षभर दहा-वीस हजार आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम वीस लाख, असे दिसले की अधिकाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. तेच पैसे ऊस बिलाच्या हप्त्यांनी आले असतील, तर बँकेचा उतारा आणि कारखान्याचा दाखला एकमेकांना दुजोरा देतात. ठेव मोडली असेल तर ठेवपावती ठेवा, जनावर विकले असेल तर पावती ठेवा, भावाने हातउसने दिले असतील तर तसे लिहून घ्या.

तिसरी गोष्ट. पैसा कुठे ठेवला आहे तेही महत्त्वाचे. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे ती संस्था नियामकाच्या देखरेखीखाली असावी, तिचे हिशेब संगणकावर असावेत आणि विचारणा केल्यास तिने पडताळणी द्यावी. गावच्या पतसंस्थेतली हाताने लिहिलेल्या पासबुकातली ठेव त्यात बसणे अवघड. अशी ठेव असेल तर ती वेळेवर मोठ्या बँकेत वळवा.

चौथी गोष्ट बिलाच्या वेळापत्रकाची. आपला पैसा हंगामात येतो, सोसायटीची वसुली त्यातून परस्पर जाते, आणि सप्टेंबरच्या प्रवेशासाठी शिल्लक दाखवायची वेळ येते जून-जुलैत. नेमके तेव्हा खते, बियाणे, शाळेच्या फी यांनी खाते खाली झालेले असते. म्हणून ज्या घरात पोर परदेशी जाणार आहे, त्या घराने हंगामातच ही रक्कम वेगळ्या खात्यावर काढून ठेवावी आणि त्या खात्याला हात लावू नये.

नावातला फरक

सातबाऱ्यावर 'ज्ञानू', आधारवर 'ज्ञानदेव', पोराच्या दाखल्यावर 'ज्ञानेश्वर'. गावात तिन्ही एकच माणूस, पण साहेबाच्या टेबलावर तीन माणसे. वडिलांच्या खात्यावरचा पैसा दाखवायचा तर जन्मदाखल्यावरून नाते सिद्ध व्हावे लागते आणि वडिलांचे संमतिपत्र लागते. तिथे नाव जुळले नाही की गाडी अडली. पासपोर्टवर आडनाव व नाव कसे येते ते अर्ज भरतानाच तपासा. ही दुरुस्ती तहसील, शाळा, ग्रामपंचायत अशा चार दारांची असते, तिला महिने लागतात.

कर्ज आणि शिष्यवृत्ती

बँकेचे मंजूर शैक्षणिक कर्ज बहुतेक देशांत पैशाचा पुरावा म्हणून चालते. सर्वसाधारणपणे साडेसात लाखांच्या पुढच्या कर्जाला बँका तारण मागतात. इथे आपले सभासद चकित होतात. "आठ एकर बागायत आहे, आणि बँक म्हणते तारण द्या!" याचे कारण कायद्यात आहे. थकीत कर्जाची मालमत्ता जप्त करण्याचा बँकांचा जो २००२ चा कायदा आहे, तो शेतजमिनीवरच्या तारणाला लागू होत नाही. त्यामुळे बँका शैक्षणिक कर्जाला शेती तारण घ्यायला नाखूश असतात आणि बिगरशेती प्लॉट, घर किंवा मुदतठेव मागतात. कर्जाची चौकशी प्रवेश मिळाल्यावर करू असे म्हणू नका, आधीच करा.

कर्ज मिळत नाही म्हणून घाईने जमीन विकण्याआधी मात्र चार दिवस थांबा. पोर परत येईल, गेलेला बांध परत येत नाही.

पैसे पाठवतानाचा एक नियम ध्यानात ठेवा. वर्षाला दहा लाखांच्या वर स्वतःचे पैसे परदेशी पाठवले की बँक त्यावर टीसीएस घेते. मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून तो लागत नाही. घेतलेली रक्कम बुडत नाही, पण ती परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागते. "आम्ही शेतकरी, आमचा काय संबंध" म्हणून गप्प बसलात तर आपलेच पैसे सरकारात पडून राहतील.

शिष्यवृत्तीचा रस्ता आपल्या मातीत जुना आहे. १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९२० साली पुन्हा लंडनला निघाले तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचा हात पाठीशी होता. आज राज्य शासनाची अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठीची परदेशी शिष्यवृत्ती राजर्षी शाहूंच्या नावाने आहे, आणि सारथी संस्थेची सयाजीरावांच्या नावाने. जागा मोजक्या, स्पर्धा मोठी, पण अर्जच न करणे यासारखी चूक नाही.

खोटा कागद म्हणजे विहिरीत उडी

तालुक्याच्या गावात आता सल्ला देणारी दुकाने झाली आहेत. काही चांगली आहेत. पण "व्हिसाची गॅरंटी" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. व्हिसा देणे न देणे त्याच्या हातात नाही. "खात्यावर महिनाभर वीस लाख आम्ही फिरवतो, टक्केवारी द्या" असे सांगणाराही भेटतो. हा पैसा भाड्याने आणायचा धंदा आहे आणि पकडला गेला की एजंट नामानिराळा राहतो. अडकते ते पोर, कारण सही त्याची असते.

शिक्षा किती मोठी ते पाहा. फसवणूक उघडकीस आली तर इंग्लंडचे दार दहा वर्षे बंद होऊ शकते, कॅनडाचे पाच वर्षे, ऑस्ट्रेलियाचे तीन वर्षे, आणि अमेरिकेत तर अपात्रता कायमची. २०२३ साली कॅनडात शिकायला गेलेल्या कितीतरी भारतीय मुलांवर परत पाठवले जाण्याची पाळी आली. एजंटाने दिलेली प्रवेशपत्रेच बनावट निघाली होती. त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्र संस्थेकडून पडताळून घेतो. म्हणून विद्यापीठाशी पत्रव्यवहार पोराच्या स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर असावा, आणि फी थेट विद्यापीठाच्या खात्यावर जावी.

मुलाखतीत काय सांगायचे?

जे आहे तेच. मुलाखत दोन-चार मिनिटांची असते. "वडील काय करतात?" असे विचारले की काही मुले "बिझनेस" म्हणतात. मग कागद शेतीचे निघतात आणि साहेब चष्म्यावरून बघतो. यात लाजायचे काय? आमचा इतके एकर ऊस आहे, सहकारी कारखान्याला जातो, वर्षाचे उत्पन्न एवढे, बाकी कर्ज अमुक बँकेचे, असे ताठ मानेने सांगावे. पाठ केलेले भाषण नको. हाच अभ्यासक्रम का घेतला याचे उत्तर मात्र पोराच्या पोटातून आले पाहिजे.

तिथे गेल्यावर

"काम करून फी काढीन" या बोलीवर पाठवू नका. इंग्लंडात पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, अमेरिकेत विद्यापीठाच्या आवारातच २० तास, कॅनडात बाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस, अशी मर्यादा आहे. त्यातून फार तर जेवणखाण निघेल. मर्यादा ओलांडली, वर्ग बुडवले, की व्हिसा जातो.

आडसालीचा हिशेब

आडसाली लागणीचा ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, म्हणूनच त्याला वजन भरते. परदेशी शिक्षणाचेही तसेच धरा. सप्टेंबरला जायचे असेल तर आदल्या वर्षीच्या मार्च-एप्रिलात पासपोर्ट आणि नावांची दुरुस्ती करा. पावसाळ्यात इंग्रजीची परीक्षा, दिवाळीच्या आगेमागे विद्यापीठांचे अर्ज. हंगाम चालू असताना बिलातली रक्कम बाजूला काढा आणि कर्जाची बोलणी करा. मार्च-एप्रिलात प्रवेश पक्का करा, मेपासून शिल्लक हलवू नका, आणि नियम पाहून जून-जुलैत व्हिसाचा अर्ज. घाईची लागण करून पाण्याविना वाळलेला ऊस आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

ऊस पुरवठ्याचा आणि बिलांचा दाखला सभासद क्रमांक व पासपोर्टप्रमाणे नाव देऊन मागितल्यास हिशेब खाते तो देईल. फक्त उद्याच्या अर्जासाठी आज संध्याकाळी येऊ नका, आठ-पंधरा दिवस हाताशी ठेवा. आणि दाखल्यात आकडा थोडा वाढवून द्या, असा आग्रह कुणी धरू नये. काट्यावर जे उतरले तेच कागदावर येईल. पोराच्या भल्यासाठीच आम्ही हे सांगत आहोत.

ती हकीकतीतली मुलगी परवा सुट्टीत गावी आली होती. वडिलांना घेऊन ती हिशेब खात्यात येऊन गेली, पेढे ठेवून गेली. वडील जाता जाता म्हणाले, "ते अठ्ठावीस दिवसांचं जरा मोठ्या अक्षरात छापा." त्यांच्या शब्दाला मान देऊनच त्यांची गोष्ट आम्ही सर्वांत आधी घातली आहे.